क्लाउडवर नवे खाते कोणी उघडले? कमांड लाइनच्या नोंदींतून संशयास्पद हाताळणी ओळखण्याची पद्धत

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या आणि बेदाण्याच्या अनेक पेढ्यांचे हिशेब आता केवळ चोपड्यांत राहिलेले नाहीत. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या वह्या आणि संगणक दोन्ही पाण्याखाली गेले, त्यांच्यापैकी माझ्या ओळखीच्या काही व्यापाऱ्यांनी त्यानंतर सगळा कारभार क्लाउडवर हलवला. तो निर्णय योग्यच होता, कारण कृष्णेचे पाणी मुंबईतल्या डेटा सेंटरपर्यंत पोहोचत नाही. मात्र वखारीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत हे ज्या मालकाला झोपेतही सांगता येते, त्याला क्लाउडवर आपल्या नावाने किती खाती उघडी आहेत हे बहुधा सांगता येत नाही.

हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची रीत जुनी आहे. पेव उघडायचे तर वरची माती काढावी लागते आणि ते काम चार लोकांच्या नजरेस पडल्याशिवाय राहत नाही. क्लाउडवरचे खाते उघडताना माती निघत नाही. कुठेतरी नोंदींच्या यादीत एक ओळ वाढते, इतकेच. ती ओळ शोधायची कशी, वाचायची कशी आणि तिच्याबद्दल शंका कधी घ्यायची, हे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे. पेढीचे, कारखान्याचे किंवा रुग्णालयाचे ‘संगणकाचे काम’ ज्यांच्याकडे नुकतेच आले आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहीत आहे. मुख्य उदाहरण ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेचे घेतले आहे. मायक्रोसॉफ्टची ॲझ्यूर आणि गूगल क्लाउड यांचे वेगळेपण पुढे थोडक्यात येईल. कमांड येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टंकण्याच्या खिडकीत, त्या रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात, आणि घटनांची नावे देताना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक काटेकोरपणे पाळावा लागतो.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. नवा युजर तयार करण्याची कमांड प्रामाणिक कर्मचाऱ्याने दिली काय किंवा चोराने दिली काय, अक्षर न अक्षर तीच असते. त्यामुळे ‘अमुक कमांड दिसली म्हणजे हल्ला झाला’ असा नियम करता येत नाही. ती कोणी दिली, कुठून दिली, किती वाजता दिली आणि तिच्या आधी व नंतर काय घडले, यावरच निर्णय करावा लागतो. पुढची प्रत्येक पायरी या चार प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आहे.

पहिली पायरी: पाहणाऱ्याचे खाते वेगळे ठेवा

तपासणी करणाऱ्याला काही बदलण्याची परवानगी लागत नाही, फक्त पाहण्याची लागते. म्हणून तपासणीसाठी स्वतंत्र ओळख तयार करावी आणि तिला एडब्ल्यूएसच्या तयार पॉलिसींपैकी (पॉलिसी म्हणजे परवानग्यांची यादी) ‘सिक्युरिटीऑडिट’ आणि ‘एडब्ल्यूएसक्लाउडट्रेल_रीडओन्लीॲक्सेस’ या दोन, आणि क्लाउडशेल हे ब्राउझरमध्येच उघडणारे टर्मिनल वापरता यावे म्हणून ‘एडब्ल्यूएसक्लाउडशेलफुलॲक्सेस’, एवढ्याच द्याव्यात. नवख्या माणसाने आपल्या लॅपटॉपवर कायमस्वरूपी ॲक्सेस की, म्हणजे कमांड लाइनवरून खात्यात शिरण्याची किल्ली, ठेवू नये हे उत्तम, कारण ती की होम फोल्डरमधील एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उघडी पडून राहते आणि तीच फाइल चोर सर्वांत आधी शोधतो. त्यापेक्षा ब्राउझरमधून लॉगिन करून क्लाउडशेल उघडावा. तेथे वेगळी की साठवावी लागत नाही. टर्मिनल उघडल्यावर आपण नेमके कोण म्हणून काम करत आहोत याची खात्री करावी:

एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी

उत्तरात खाते क्रमांक आणि आपली ओळख दिसते. चोरलेली की हाती आल्यावर ती कोणाची आहे हे पाहण्यासाठी चोरही पुष्कळदा याच कमांडने सुरुवात करतो, हे पुढे उपयोगी पडेल.

दुसरी पायरी: आज कोण कोण आहे, याची नोंदवही

नोंदी वाचण्याची घाई करू नये. आधी आजची स्थिती कागदावर उतरवावी. सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी अमुक फुटांवर आहे एवढ्या एकाच आकड्यावरून कोणी सामान माडीवर हलवत नाही. काल किती होते, तासाभरात किती चढले आणि कोयनेतून विसर्ग किती चालू आहे, हे विचारले जाते. ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी यांना अर्थ आहे तो नेहमीची पातळी सर्वांना माहीत आहे म्हणून. क्लाउडच्या खात्यांची ‘नेहमीची पातळी’ मात्र आपल्यालाच ठरवावी लागते. त्यासाठी एडब्ल्यूएसचा क्रेडेन्शियल अहवाल फार उपयोगी आहे. तो आधी तयार करायला सांगावा लागतो आणि मग मागावा लागतो:

एडब्ल्यूएस आयएएम जनरेट-क्रेडेन्शियल-रिपोर्ट

एडब्ल्यूएस आयएएम गेट-क्रेडेन्शियल-रिपोर्ट --क्वेरी कंटेंट --आउटपुट टेक्स्ट | बेस६४ --डिकोड

अहवाल बेस६४ या सांकेतिक रूपात येतो, म्हणून शेवटचा भाग जोडल्याशिवाय तो वाचता येत नाही. उघडल्यावर स्वल्पविरामांनी विभागलेला तक्ता मिळतो, जो कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये भरता येतो. प्रत्येक युजरची एक ओळ असते आणि सर्वांत वर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मूळ खात्याची ओळ असते. युजर कधी तयार झाला, त्याला पासवर्ड आहे का, तो शेवटचा कधी वापरला, एमएफए म्हणजे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू आहे का, ॲक्सेस की सक्रिय आहेत का आणि त्या शेवटच्या कधी वापरल्या गेल्या, हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसते. एका युजरला जास्तीत जास्त दोन ॲक्सेस की ठेवता येतात, म्हणून तक्त्यात कीसाठी दोनच रकाने असतात. ज्याला वर्षानुवर्षे एकच की होती त्याचा दुसरा रकाना अचानक भरलेला दिसला, तर तेथे थांबून विचारणा करावी.

आता खरी मेहनत. या तक्त्यातील प्रत्येक नाव घेऊन मालकासमोर किंवा व्यवस्थापकासमोर बसावे आणि तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: हे खाते कोणत्या माणसाचे किंवा कोणत्या प्रोग्रॅमचे आहे, ते साधारण कुठून आणि कोणत्या वेळेत वापरले जाते, आणि नवीन खाते उघडण्याचा अधिकार त्याला आहे का. लहान पेढीत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘एकाच माणसाला’ असे असते, आणि तसे ते असेल तर पुढचे काम अर्धे झाले म्हणून समजावे. मी अशा बैठका अनेकदा केल्या आहेत. प्रत्येक वेळी निदान एक नाव असे निघते ज्याची ओळख कोणालाच सांगता येत नाही. बहुतेकदा ते काम सोडून गेलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरवाल्याचे असते, ज्याचे बिल चुकते झाले पण खाते कोणी बंद केले नाही. अशा खात्यामागे वाईट हेतू असेलच असे नाही. पण त्याची की त्याच्या जुन्या लॅपटॉपवर अजून पडून आहे, आणि तो लॅपटॉप आज कोणाच्या हातात आहे हे आपल्याला ठाऊक नाही.

तिसरी पायरी: नोंदी काढणे, आणि नवख्याची हमखास होणारी चूक

कमांड लाइनवरून केलेले काम आणि ब्राउझरमधील कन्सोलवरून केलेले काम क्लाउडच्या दृष्टीने एकाच दारातून आत येते. दोन्हींचे रूपांतर एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रॅमने प्रोग्रॅमला ठरावीक रूपात केलेल्या, विनंतीत होते आणि ती विनंती क्लाउडट्रेल ही सेवा नोंदवून ठेवते. व्यवस्थापनाच्या स्वरूपाच्या घटनांचा गेल्या ९० दिवसांचा इतिहास काहीही चालू न करता, विनाशुल्क पाहता येतो.

येथे नवखी माणसे हमखास अडखळतात. आपले सर्व्हर मुंबई रीजनमध्ये (रीजन म्हणजे डेटा सेंटरांचा भौगोलिक विभाग) आहेत म्हणून ती मुंबई रीजनमध्ये शोध घेतात, रिकामे उत्तर मिळते आणि सर्व ठीक आहे असे समजून टर्मिनल बंद करतात. परंतु युजर, की आणि पॉलिसी सांभाळणारी आयएएम ही सेवा जागतिक आहे आणि तिच्या घटना अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया, म्हणजे यूएस-ईस्ट-१ या रीजनमध्ये नोंदल्या जातात. म्हणून रीजन स्पष्टपणे सांगावाच लागतो:

एडब्ल्यूएस क्लाउडट्रेल लुकअप-इव्हेंट्स --रीजन यूएस-ईस्ट-१ --लुकअप-ॲट्रिब्यूट्स ॲट्रिब्यूटकी=इव्हेंटनेम,ॲट्रिब्यूटव्हॅल्यू=क्रिएटयूजर

एका वेळी एकाच निकषावर शोध घेता येतो, म्हणून प्रत्येक घटनेसाठी कमांड स्वतंत्रपणे द्यावी लागते. ‘क्रिएटयूजर’ पाहून थांबू नये. माझ्या मते तिच्याहून अधिक लक्ष ‘क्रिएटॲक्सेसकी’ या घटनेकडे द्यावे. नवे नाव यादीत उठून दिसते, म्हणून सावध चोर नवा युजर तयार करण्याऐवजी जुन्याच, विश्वासातल्या युजरच्या नावावर दुसरी की काढून घेतो. यादीत एकही नाव वाढत नाही आणि दार मात्र उघडे राहते. ‘क्रिएटलॉगिनप्रोफाइल’ ही घटना ज्या युजरला कन्सोलचा पासवर्ड नव्हता त्याला तो दिला गेल्याची खूण आहे, तर ‘अपडेटलॉगिनप्रोफाइल’ म्हणजे असलेला पासवर्ड बदलला गेला. ‘अटॅचयूजरपॉलिसी’, ‘पुटयूजरपॉलिसी’ आणि ‘ॲडयूजरटूग्रुप’ या तिन्ही वाटांनी अधिकार वाढवता येतात. पहिलीवर नजर ठेवणारे पुष्कळ असतात आणि उरलेल्या दोन विसरल्या जातात. ‘डीॲक्टिव्हेटएमएफएडिव्हाइस’ दिसली तर कारण विचारलेच पाहिजे. कर्मचाऱ्याने नवा फोन घेतला हे त्याचे सर्वांत सामान्य आणि निर्दोष कारण असते, परंतु तसे असेल तर काही मिनिटांतच नवे उपकरण जोडल्याची नोंदही मागोमाग दिसायला हवी. ‘अपडेटअझ्यूमरोलपॉलिसी’ ही घटना युजरच्या यादीत कधीच दिसत नाही, तरी तिच्यातून एखाद्या रोलचा (तात्पुरती धारण करता येणारी, अधिकार जोडलेली ओळख) दरवाजा पूर्णपणे परक्या एडब्ल्यूएस खात्याला उघडून देता येतो. आणि ‘स्टॉपलॉगिंग’ किंवा ‘डिलीटट्रेल’ या घटना दिसल्या, तर पहारेकऱ्यालाच बाजूला केले जात आहे असे समजावे. मात्र या दोन घटना आयएएमच्या नसल्याने त्या ट्रेल (नोंदी साठवून ठेवण्याची क्लाउडट्रेलची व्यवस्था) ज्या रीजनमध्ये आहे तेथे शोधाव्यात.

चौथी पायरी: एक नोंद सावकाश वाचणे

प्रत्येक घटनेच्या पोटात जेसन स्वरूपातील सविस्तर नोंद असते. ती पहिल्यांदा पाहताना लांबलचक वाटते. पण सहा-सात रकाने ओळखता आले की पुरते.

‘यूजरआयडेंटिटी’ हा रकाना विनंती कोणी केली ते सांगतो. तेथे प्रकार ‘रूट’ असेल, तर इतर काहीही पाहण्याआधी मालकाला फोन करावा. रूट खात्याने युजर तयार करण्याची वेळ व्यवस्थित चाललेल्या कारभारात क्वचितच येते. त्याच रकान्यात ॲक्सेस कीचा क्रमांकही असतो: ‘एकेआयए’ या चार अक्षरांनी सुरू होणारी की कायमस्वरूपी असते, तर ‘एएसआयए’ने सुरू होणारी तात्पुरती असते.

‘इव्हेंटटाइम’ नेहमी यूटीसी वेळेत असतो आणि भारतीय प्रमाणवेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. नोंदीत २१ वाजून १० मिनिटे दिसली म्हणजे सांगलीत दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २ वाजून ४० मिनिटे झालेली असतात. तारीखही बदलते हे विसरू नये. उलट नोंदीतले पहाटेचे साडेपाच पाहून दचकू नये, कारण ते आपल्याकडचे सकाळचे ११ असतात, म्हणजे पेढी उघडण्याची नेहमीची वेळ.

‘सोर्सआयपीॲड्रेस’ म्हणजे विनंती कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून आली ते. येथे कधी पत्त्याऐवजी एडब्ल्यूएसच्याच एखाद्या सेवेचे नाव दिसते. ते काम त्या सेवेने कोणाच्या तरी वतीने केलेले असते. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणाऱ्यांचा पत्ता सतत बदलतो, म्हणून एकटा पत्ता पुरावा ठरत नाही.

कमांड लाइनची ओळख पटवून देणारा रकाना म्हणजे ‘यूजरएजंट’. कमांड लाइनवरून आलेल्या विनंतीत तेथे ‘एडब्ल्यूएस-सीएलआय’ हे नाव, त्याची आवृत्ती, पायथॉनची आवृत्ती आणि ज्या संगणकावरून काम झाले त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती दिसते. सीएलआयच्या दुसऱ्या आवृत्तीत कोणती कमांड दिली तेही लिहिलेले असते. ज्या पेढीत सगळे विंडोज वापरतात तेथे लिनक्सचे नाव दिसले, किंवा घुसखोरीच्या चाचण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या काली लिनक्सचा उल्लेख आला, तर ते विचारण्याजोगे आहे. जो लेखनिक आयुष्यात कधी काळ्या पडद्यावर कमांड टंकत नाही, त्याच्या नावापुढे सीएलआय दिसणे हीसुद्धा मोठी खूण आहे. मात्र हा मजकूर विनंती पाठवणारा संगणक स्वतःच लिहून पाठवतो आणि त्यात खोटे लिहिणे सोपे आहे. म्हणून यूजर-एजंट विसंगत असेल तर शंका घ्यावी, पण तो सुसंगत आहे एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

‘रिक्वेस्टपॅरामीटर्स’मध्ये काय मागितले ते असते. ‘क्रिएटॲक्सेसकी’च्या नोंदीत येथे कोणाचेच नाव नसेल, तर विनंती करणाऱ्याने स्वतःसाठी की काढली आहे, दुसऱ्याचे नाव असेल, तर एकाने दुसऱ्याच्या नावे की काढली आहे, आणि हा दुसरा अधिक अधिकारांचा असेल तर ती अधिकार बळकावण्याची जुनी, माहीत असलेली वाट आहे. शेवटी ‘एररकोड’ पाहावा. ‘ॲक्सेसडिनाइड’ची, म्हणजे परवानगी नाकारल्याची, रांग आणि तिच्या शेवटी एक यशस्वी विनंती असे चित्र दिसले, तर ते चाव्यांचा जुडगा घेऊन एकामागून एक कुलूप लावून पाहणाऱ्या माणसाचे असते.

पाचवी पायरी: सोबतच्या नोंदी

एकटी नोंद फारसे बोलत नाही; तिच्या आजूबाजूच्या नोंदी बोलतात. म्हणून ज्या नोंदीबद्दल शंका आली तिच्यातील ॲक्सेस कीचा क्रमांक घेऊन त्या कीने केलेले सर्व काम मागवावे:

एडब्ल्यूएस क्लाउडट्रेल लुकअप-इव्हेंट्स --रीजन यूएस-ईस्ट-१ --लुकअप-ॲट्रिब्यूट्स ॲट्रिब्यूटकी=ॲक्सेसकीआयडी,ॲट्रिब्यूटव्हॅल्यू=कीचा क्रमांक

हीच कमांड मुंबई आणि आपण वापरत असलेल्या इतर रीजनमध्येही द्यावी. आपण कधीच न वापरलेल्या दोन-चार रीजनमध्येही द्यावी, कारण परका माणूस आपली नजर जेथे जात नाही तेथेच काम करतो.

समजा, तासगाव रस्त्यावरच्या एखाद्या शीतगृहाच्या खात्यात पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी ‘गेटकॉलरआयडेंटिटी’ दिसते, एका मिनिटाने ‘लिस्टयूजर्स’ आणि ‘लिस्टअटॅच्डयूजरपॉलिसीज’, तीन मिनिटांनी ‘बॅकअप-सपोर्ट’ अशा निरुपद्रवी नावाचा नवा युजर, लगेच त्याची ॲक्सेस की, आणि त्यानंतर त्याला ‘ॲडमिनिस्ट्रेटरॲक्सेस’ ही सर्वाधिकार देणारी पॉलिसी. यातील प्रत्येक घटना स्वतंत्रपणे पाहिली तर कोणत्याही दिवशी घडू शकते. पाच-सात मिनिटांत, या क्रमाने आणि त्या वेळी घडली, तेव्हा अर्थ बदलतो. घरातला माणूस नवा युजर तयार करताना मी कोण आहे आणि येथे कोण कोण आहे असे आधी विचारत बसत नाही, कारण ते त्याला ठाऊक असते. ओळख विचारणे, यादी पाहणे, खाते उघडणे, किल्ली काढणे आणि अधिकार वाढवणे हा क्रम डोळ्यांत बसेपर्यंत नवख्याने जुन्या, निर्दोष नोंदी वाचण्याचा सराव करावा. दुसऱ्या कोणत्याही अभ्यासापेक्षा याचा अधिक उपयोग होतो, असे मला मनापासून वाटते.

ॲझ्यूर आणि गूगल क्लाउड

ॲझ्यूरमध्ये दोन वेगळ्या वह्या आहेत हे लक्षात ठेवावे. युजर तयार करणे, पासवर्ड बदलणे, ॲप्लिकेशनला नवे गुपित देणे या गोष्टी २०२३ साली ज्याचे नाव मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी झाले त्या निर्देशिकेच्या ऑडिट लॉगमध्ये जातात. विनाशुल्क आवृत्तीत हा लॉग ७ दिवसच राहतो आणि पी१ किंवा पी२ परवान्यात ३० दिवस. सब्स्क्रिप्शनवरील, म्हणजे ॲझ्यूरमधल्या सेवांवरील, अधिकार देण्याची घटना मात्र ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये जाते, जो ९० दिवस राहतो आणि ‘एझेड मॉनिटर ॲक्टिव्हिटी-लॉग लिस्ट’ या कमांडने वाचता येतो. कालावधी सांगितला नाही तर ही कमांड अलीकडच्या काही तासांचेच दाखवते, म्हणून ‘--ऑफसेट ७डी’ जोडावे. गूगल क्लाउडमध्ये बहुतेक वेळा माणसाच्या खात्यापेक्षा सर्व्हिस अकाउंट, म्हणजे प्रोग्रॅमसाठी उघडलेले खाते, आणि त्याच्या की यांवर लक्ष ठेवावे लागते. तेथील प्रशासकीय नोंदी बंद करता येत नाहीत आणि ४०० दिवस राहतात. ‘जीक्लाउड लॉगिंग रीड’ ही कमांड सांगितल्याशिवाय एका दिवसापलीकडे पाहत नाही, म्हणून तेथे ‘--फ्रेशनेस’ द्यावे आणि ‘क्रिएटसर्व्हिसअकाउंटकी’ व ‘सेटआयएएमपॉलिसी’ या पद्धतींच्या नावांनी शोध घ्यावा.

सहावी पायरी: ज्या संगणकावर कमांड टंकली गेली तो

क्लाउडची नोंद विनंती पोहोचल्याचे सांगते. ती कोणत्या प्रोग्रॅमने सोडली हे कार्यालयातल्या संगणकाची नोंद सांगते. विंडोजवर प्रत्येक प्रोग्रॅम सुरू झाल्याची ४६८८ क्रमांकाची घटना सुरक्षा लॉगमध्ये घेता येते, परंतु तिच्यात पूर्ण कमांड लाइन नोंदवण्याचे धोरण वेगळे चालू करावे लागते. ते चालू नसेल तर प्रोग्रॅमचे नाव तेवढे मिळते आणि त्याने काय केले ते मिळत नाही. मायक्रोसॉफ्टचे सिसमॉन हे नोंदी घेणारे साधन बसवले असेल तर त्याची १ क्रमांकाची घटना हेच काम अधिक तपशिलाने करते. लिनक्सवर ऑडिटडी ही नोंदी घेणारी सेवा वापरून, प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या ‘एक्झेकव्हीई’ या सिस्टिम कॉलवर नियम लावावा. शेलच्या इतिहासाच्या फाइलवर विसंबू नये, कारण ती पुसणे एका कमांडचे काम आहे.

शोध घेताना एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. विंडोजवर ॲझ्यूरची ‘एझेड’ ही कमांड प्रत्यक्षात एक छोटी बॅच फाइल असते आणि तिच्यामागे पायथॉन चालतो, जीक्लाउडचेही तसेच. त्यामुळे ‘एझेड’ नावाची एक्झी फाइल शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. शोध प्रोग्रॅमच्या नावावर न घेता पूर्ण कमांड लाइनवर घ्यावा: ‘एडी यूजर क्रिएट’, ‘रोल असाइनमेंट क्रिएट’, ‘आयएएम क्रिएट-यूजर’, ‘सर्व्हिस-अकाउंट्स कीज क्रिएट’ असे शब्दसमूह मजकुरात आहेत का ते पाहावे. त्याच बरोबर हा प्रोग्रॅम कोणी सुरू केला तेही पाहावे. टर्मिनलमधून सुरू झालेली कमांड नेहमीची असते. वर्डच्या फाइलमधून किंवा वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरच्या प्रक्रियेतून सुरू झालेली कमांड जवळजवळ कधीच नेहमीची नसते. आणखी एक काळजी घ्यावी: ‘एझेड एडी यूजर क्रिएट’ देताना पासवर्ड कमांडमध्येच लिहिला जातो, त्यामुळे तो जसाच्या तसा या लॉगमध्ये उतरतो. म्हणून हा लॉग तिजोरीइतका जपावा.

सातवी पायरी: नोंदी टिकवणे आणि वेळेवर कळणे

इंडियन कॉम्प्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम, म्हणजे सर्ट-इन, हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस टिकवणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. एडब्ल्यूएसचा विनाशुल्क इतिहास ९० दिवसांचाच असल्यामुळे क्लाउडट्रेलमध्ये सर्व रीजनसाठी एक ट्रेल तयार करून नोंदी एस३ या एडब्ल्यूएसच्या फाइल-साठवणुकीत साठवाव्यात. व्यवस्थापन घटनांच्या पहिल्या ट्रेलला शुल्क नाही. साठवणुकीचा खर्च तेवढा येतो. त्याच ट्रेलच्या आधारे यूएस-ईस्ट-१ मध्ये घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या इव्हेंटब्रिज या सेवेचा एक नियम करावा आणि वर सांगितलेल्या आयएएमच्या घटना घडताच एसएनएस या सूचना पाठवणाऱ्या सेवेद्वारे ईमेल येईल अशी व्यवस्था करावी; ‘स्टॉपलॉगिंग’ आणि ‘डिलीटट्रेल’साठी तसाच नियम ट्रेलच्या रीजनमध्ये करावा. ईमेल दोघांना जावा. एकाला पाठवलेली सूचना त्याच्या रजेच्या दिवशीच येते.

आठवी पायरी: शंका पक्की होत असताना

२०२१ च्या जुलैतील पुराच्या वेळी मला रात्री अशीच सूचना आली. एका पेढीच्या कर्मचाऱ्याच्या नावाने, अनोळखी पत्त्यावरून, नेहमी न दिसणाऱ्या संगणकावरून नवी ॲक्सेस की काढली गेली होती. मी ताबडतोब की बंद केली. सकाळी कळले की पाणी चढू लागल्याने तो कुटुंबासह मिरजेला नातेवाइकांकडे गेला होता आणि पेढीचा डेटा सुरक्षित राहावा म्हणून तेथल्या संगणकावरून बॅकअप चालू करत होता. माझ्या घाईमुळे त्या रात्रीचा बॅकअप झाला नाही. त्याने रागही व्यक्त केला नाही आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी असे ठरवले आहे की एकच खूण विचित्र असेल तर आधी नोंदवहीत लिहिलेल्या क्रमांकावर फोन करावा. ईमेल किंवा चॅट नव्हे, कारण खाते दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर उत्तरही दुसराच देईल. परंतु वेळ, क्रम आणि सर्वाधिकाराची पॉलिसी अशा तीन खुणा एकत्र आल्या, तर फोन लागण्याची वाट न पाहता खाते रोखावे आणि रोखत असतानाच फोन करावा.

रोखणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे. संशयित युजर काढून टाकला तर त्याच्यासोबत पुष्कळसा पुरावाही जातो, आणि शंका खोटी ठरली तर सर्व पुन्हा उभे करावे लागते. आधी संबंधित नोंदींची प्रत सुरक्षित जागी ठेवावी, मग की निष्क्रिय करावी:

एडब्ल्यूएस आयएएम अपडेट-ॲक्सेस-की --यूजर-नेम युजरचे नाव --ॲक्सेस-की-आयडी कीचा क्रमांक --स्टेटस इनॲक्टिव्ह

हे करण्यासाठी तपासणीची ओळख चालणार नाही. अधिकार असलेल्या व्यक्तीनेच ते करावे. एवढ्याने काम संपत नाही, कारण त्या कीच्या आधारे आधीच मिळवलेली तात्पुरती ओळख की बंद केल्यावरही मुदतीपर्यंत चालू राहू शकते. म्हणून त्या युजरला ‘एडब्ल्यूएसडिनायऑल’ ही सर्व काही नाकारणारी तयार पॉलिसी जोडावी. नकाराची पॉलिसी परवानगीच्या पॉलिसीवर नेहमीच मात करते.

यानंतर दुसरे दार शोधावे. ज्याने एक खाते उघडले त्याने त्याच तासात दुसरेही उघडले असण्याची शक्यता गृहीत धरावी. त्या वेळेच्या आगेमागे झालेल्या सर्व की, सर्व पॉलिसी आणि रोलवरील विश्वासाचे सर्व बदल एकेक करून तपासावेत, आणि ज्या कर्मचाऱ्याची की वापरली गेली त्याच्या संगणकाची सहाव्या पायरीप्रमाणे तपासणी करावी. क्रेडेन्शियल अहवाल चार तासांतून एकदाच नव्याने तयार होतो, त्याआधी मागितला तर जुनाच हाती येतो. म्हणून चार तास उलटल्यावर तो पुन्हा काढावा, दुसऱ्या पायरीतील नोंदवही शेजारी उघडून ठेवावी आणि दोन्हींतील प्रत्येक नाव, प्रत्येक की बोट ठेवून जुळवून पाहावी.